विज्ञानकथेचा समानधर्मा : एक वाङ्मयीन व भाषिक विचार

१

कोणत्याही वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात लेखकांची नामावळी सहज सापडते. वाचकांची मात्र सापडत नाही. लेखक आपले नाव ग्रंथावर छापून ठेवतो, वाचक ते मिटून कपाटात ठेवतो. त्यामुळे एखादा वाङ्मयप्रकार भाषेत रुजला की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ग्रंथसंख्येवरून दिले जाते. वस्तुतः ते वाचकावरून दिले पाहिजे. आपल्या काळाने उपेक्षिलेल्या भवभूतीने काळ अनंत आहे आणि पृथ्वी विपुल आहे, तेव्हा आपला समानधर्मा केव्हातरी, कोठेतरी जन्मास येईल, असा विश्वास प्रकट केला. हा विश्वास काव्यनाटकांच्या बाबतीत ठीक आहे. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराचा विषयच भविष्यकाळ आहे, त्याने आपला वाचकही भविष्यावर सोपवावा, हे विपरीत होय. भविष्याची कथा आज वाचली गेली तरच ती भविष्याची कथा राहते. नंतर तिची गणना जुन्या भाकितांत होते.

मराठी विज्ञानकथेच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. या कथेला लेखक मिळाले, पारितोषिके मिळाली, अखेरीस साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. तथापि तिला रसिक मिळाला काय, आणि मिळाला असल्यास तो कोण, हा प्रश्न समीक्षेने पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेला नाही. पुढील विवेचनात विज्ञानकथेचा इतिहास सांगण्याचा हेतू नाही. ती कथा कोणाशी बोलते, कोणत्या शब्दांत बोलते, आणि जो वाचक तिच्या हाकेच्या टप्प्यात असूनही तिने ज्याला हाक घातली नाही तो कोण, एवढ्याच अंगाने येथे विचार केला आहे.

२

मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ अनुवादाने झाला, हे सर्वमान्य आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकातून विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचा अनुवाद क्रमशः प्रसिद्ध झाला. मराठी मुलखापासून दूर, कोचीनशी निगडित असलेल्या मासिकात हे बीज पडावे, यात एक सूचक योगायोग आहे. पुढे १९१५ साली श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा 'मनोरंजना'त आली. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. १९५१ पासून चालविलेल्या 'बालमित्रा'च्या द्वारे त्यांनी एका पिढीच्या कल्पनाशक्तीची मशागत केली. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत, रहस्य आणि विज्ञान यांचा एकत्र संसार मांडला. द. पां. खांबेटे व नारायण धारप यांसारख्या लेखकांचा वाचक अशाच संसारात वाढला.

या सर्व काळात विज्ञानकथेला वाचक नव्हता असे नाही. वाचक होता, परंतु त्याला रसिक म्हणण्यास कोणी तयार नव्हते. 'सत्यकथे'च्या भोवती जी गंभीर अभिरुची घडत होती, तिने नवकथेला आपले मानले आणि कथेच्या घाटाची, अनुभवाच्या सेंद्रियतेची चर्चा केली. विज्ञानकथा मात्र एका बाजूला बालवाङ्मयात आणि दुसऱ्या बाजूला करमणुकीच्या मासिकांत वाटली गेली. मुलांनी ती वाचली आणि मोठे होताच सोडली; मोठ्यांनी ती प्रवासात वाचली आणि स्थानक येताच ठेवून दिली.

या पार्श्वभूमीवर १९७४ साली घडलेली घटना सुपरिचित असली, तरी वाचकाच्या दृष्टीने तिचा अर्थ पुन्हा लावण्यासारखा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा योजिली होती. तीत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पहिली ठरली. हे नाव म्हणजे जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन योजिलेले नाव होय. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती. ख्यातकीर्त खगोलशास्त्रज्ञाने नाव लपविले याचे कारण केवळ विनय नव्हे. नावामागून येणारा वाचक आणि कथेमागून येणारा वाचक हे दोन वेगळे असतात, हे त्याने ओळखले होते. कथा कथा म्हणून वाचली जावी, एवढीच त्या टोपणनावाची मागणी होती. पुढे नाव उघड झाले आणि विज्ञानकथेला मान्यता लाभली. परंतु ती मान्यता कितपत कथेची आणि कितपत नावाची, हा संशय त्याच क्षणी जन्मास आला व अद्यापि फिटलेला नाही. २०२१ च्या डिसेंबरात नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे होते. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, तेव्हा महाराष्ट्राने शास्त्रज्ञ गमावल्याचा शोक केला. कथाकार गमावल्याचा शोक त्या मानाने थोडाच झाला.

३

ज्या दशकात 'कृष्णविवर' लिहिली गेली, त्याच दशकात मराठीत दुसरी एक मोठी घडामोड होत होती. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली येऊन गेला होता. नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' १९७२ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'ने १९७१ साली ग्रामीण कादंबरीला नवे वळण दिले होते. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ चा. म्हणजे हे दोन प्रवाह अगदी समकालीन आहेत; परंतु त्यांची गाठ पडली नाही. समीक्षेने त्यांचा विचार एका श्वासात कधी केला नाही, आणि त्यांच्या वाचकांनीही परस्परांची पुस्तके क्वचितच उघडली असतील.

या विभक्तपणाचे मूळ दोन्ही प्रवाहांवर लादल्या गेलेल्या दोन निराळ्या जबाबदाऱ्यांत आहे. दलित व ग्रामीण साहित्याकडून अनुभवाच्या सच्चेपणाची अपेक्षा होती. जे भोगले ते लिहा, असा जणू करारच लेखक व वाचक यांच्यात झाला होता. या करारात भूतकाळ होता, वर्तमान होता; भविष्यकाळाला जागा होती ती घोषणेत आणि कवितेत, कथेत नव्हे. विज्ञानकथेकडून विज्ञानप्रसाराची अपेक्षा होती. विज्ञान समाजात पोचवा, अंधश्रद्धा घालवा, असा तिचा करार होता. यात भविष्यकाळ होता. परंतु भोगणारा माणूस नव्हता. पहिल्या करारात कल्पनेला संशयाने पाहिले जाई, दुसऱ्यात व्यथेला. एकाने रसिकाला साक्षीदार केले, दुसऱ्याने विद्यार्थी केले. साक्षीदार आणि विद्यार्थी ही दोन्ही नाती आदरणीय आहेत; परंतु रसिकाचे नाते यांहून वेगळे आहे. त्याला सिद्धता नको असते आणि धडाही नको असतो. त्याला कथेतील शक्यता आपली वाटावी लागते.

येथे हेही नमूद केले पाहिजे की, या कराराची बंधने तोडण्याचे प्रयत्न विज्ञानकथाकारांनी स्वतःच केले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे इत्यादींच्या लेखनात विज्ञानाचे निरूपण मागे सरते आणि माणसाचा पेच पुढे येतो, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकाराने 'विप्लवा'मध्ये या प्रकाराकडे वळावे, हीही लक्षणीय गोष्ट होय. तथापि या कथांतील माणूस प्रायः प्रयोगशाळा, विद्यापीठ, कारखान्याचे कार्यालय आणि शहरातील सदनिका यांच्या चतुःसीमेत वावरतो. अपवाद दाखविता येतील. परंतु अपवादांनी वाचक घडत नाही, प्रघाताने घडतो.

४

हा प्रघात भाषेत कसा उतरला आहे, ते पाहणे उद्बोधक ठरेल. विज्ञानकथेला दोन प्रकारचे शब्द लागतात : नव्या वस्तूंची नावे आणि ती वस्तू ज्याच्या आयुष्यात शिरते त्याची बोली. पहिल्या कामासाठी मराठीने संस्कृत समासाचा आश्रय घेतला. 'कृष्णविवर', 'यंत्रमानव', 'अंतराळयान' हे शब्द सुबोध आहेत, कारण त्यांचे घटक मराठी कानाला परिचित आहेत. शुभदा गोगटे यांनी 'यंत्रायणी' हे शीर्षक योजिले, तेव्हा 'रामायणा'तील 'अयन' यंत्राला जोडले गेले आणि एकाच शब्दात जुन्या आख्यानाचा व नव्या वस्तूचा संयोग झाला. नारळीकरांचे 'प्रेषित' हे शीर्षकही असेच दुहेरी आहे. व्युत्पत्तीने तो 'पाठविलेला' आहे आणि रूढीने ईश्वराचा दूत. अशा शब्दांत कोणतीही टीप न देता अर्थाचा विस्तार होतो.

दुसरे काम मात्र अपुरे राहिले. विज्ञानकथेतील संवाद बहुतांशी प्रमाण मराठीत चालतात. एक जाणता समजावून सांगतो, दुसरा शंका विचारतो. शंका विचारणाराही सुशिक्षितच असतो. परिणामी या कथेची भाषा वर्गातील भाषेसारखी झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता, ज्या कथेत सर्व पात्रे एकाच भाषिक स्तरावर बोलतात, त्या कथेत नवी वस्तू कितीही अद्भुत असली तरी तिचा धक्का एकाच वर्गाला बसतो. बोलींचा संघर्ष नाही म्हणजे हितसंबंधांचा संघर्षही दृष्टिआड होतो.

या संदर्भात 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे यश विशेष अभ्यसनीय आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात की, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागावयाची गोळी निसटून गेली आणि मराठे जिंकले. तेथील बखरीचे एक पान पुरावा म्हणून त्यांच्या खिशात राहते. या कथेतील शास्त्रीय उपपत्ती सोपी नाही. संभाव्यता, पुंजयामिकी यांचा आधार तीत घेतलेला आहे. तरीही ही कथा मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिली, याचे कारण भाषेतच आहे. 'पानिपत होणे' हा मराठीत वाक्प्रचार आहे. 'विश्वास गेला पानिपतात' ही म्हण ज्याने इतिहास वाचला नाही त्याच्याही तोंडी असते. एका पराभवाचे स्थलनाम क्रियापद होऊन बसले आहे. तेव्हा ते पानिपत झालेच नसते तर, ही कल्पना म्हणजे केवळ इतिहासातील पाठभेद नव्हे. भाषेतील एक रूढ अर्थच उपटून काढणे होय. शिवाय शीर्षकात दुसरीही गंमत आहे. मराठे जिंकलेल्या त्या जगात, हजार सभांचे अध्यक्षपद भूषविण्याच्या बेतात असलेल्या गंगाधरपंतांना श्रोते व्यासपीठावरून हुसकून लावतात. म्हणजे तेथे पानिपत होते ते पंतांचे! व्याख्यान ऐकण्यास नकार देणारा श्रोता या कथेत आहे, ही गोष्ट विज्ञानकथेच्या वाचकाचा विचार करताना विसरण्याजोगी नाही. समजावून सांगण्याची सवय जडलेल्या वक्त्याला कथेनेच दिलेला तो इशारा मानावयास हरकत नाही.

हीच कथा इंग्रजीत 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली. त्यामुळे तिला देशभर वाचक मिळाले. परंतु शीर्षकातील वाक्प्रचार मात्र सीमेवरच राहिला. तिचे मर्म जाणणारा वाचक तोच, की ज्याच्या बोलण्यात 'पानिपत' हा शब्द रोजच्या वापरात आहे. मग त्याला पुंजयामिकी येवो अथवा न येवो. विज्ञानकथेचा अधिकारी वाचक शास्त्रज्ञच असला पाहिजे, हा समज या एका उदाहरणाने निराधार ठरतो.

५

अशीच समस्या दुसऱ्या एका समाजापुढे उभी राहिली होती. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांनी १९६० नंतरच्या चळवळीत 'चिकानो' हे नाव अभिमानाने धारण केले. त्यांच्या साहित्याकडूनही शेतमजुरी, स्थलांतर, वंशभेद यांच्या वास्तव चित्रणाची अपेक्षा होती. विज्ञानकथा ही गोऱ्या लोकांची करमणूक. आपल्या लेखकाने तीत वेळ का दवडावा, असा प्रश्न एका बाजूने, आणि शेतमजुरांच्या पोरांना अंतराळाशी काय कर्तव्य, असा दुसऱ्या बाजूने. १९९० साली अर्नेस्ट होगनची 'कोर्तेझ ऑन ज्युपिटर' ही कादंबरी आली. तिचा नायक लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील भिंती रंगविणारा चित्रकार आहे आणि तो इंग्रजी-स्पॅनिश अशा सरमिसळ भाषेत बोलत गुरूपर्यंत जातो. अशा कादंबऱ्यांना समजदार वाचक व समीक्षक मिळण्यास दीर्घ काळ लागला. या परंपरेचा विचार करणारे 'अल्टरमुंडोस' हे समीक्षेचे संकलन २०१७ साली निघाले.

परंतु या परंपरेची एक पायरी याहून जुनी आहे आणि ती ग्रंथात नसून रंगभूमीवर आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या संपात लुईस वाल्देझ यांनी शेतमजुरांचे नाट्यपथक उभे केले. मालमोटारीच्या उघड्या पाठीवर, मजुरांपुढे, मजुरांनीच ते खेळ करावयाचे. १९६७ सालच्या 'लोस वेंदिदोस' या छोट्या नाटकात एका दुकानात मेक्सिकन माणसांचे यांत्रिक नमुने विक्रीस ठेवलेले आहेत. त्यांत एक शेतमजूर आहे. थोडक्या इंधनावर चालणारा आणि हंगाम संपला की परत पाठविता येणारा. राज्यपालांच्या कार्यालयातील बाई नमुना विकत घेण्यास येते. शेवटी उलगडते की, नमुने म्हणून उभी असलेली माणसे खरी आहेत आणि दुकानदार तेवढा यंत्र आहे. हा विषय यंत्रमानवाचा आहे, परंतु प्रेक्षकाला यंत्रशास्त्र शिकवावे लागले नाही. आपल्याला यंत्राप्रमाणे वापरले जाते, हे त्याला ठाऊक होते. नाटकाने त्या जाणिवेतील 'प्रमाणे' हा शब्द काढून टाकला, इतकेच.

येथे विज्ञानकथेच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाचा सिद्धान्त हाती येतो. भाषेत जी लक्षणा असते, ती विज्ञानकथेत वाच्यार्थ होते. नित्याच्या बोलण्यात 'त्याचे यंत्र झाले आहे' हे लक्षणेने म्हटले जाते; विज्ञानकथेत तो खरोखर यंत्र होतो. रसनिष्पत्तीचे स्थान हे आहे. ज्या समाजाच्या बोलीत लक्षणा जिवंत आहेत, त्या समाजात विज्ञानकथेचा वाचक आधीच तयार असतो. त्याला फक्त त्याच्याच शब्दांनी हाक मारावी लागते.

रोसाउरा सांचेझ व बिआत्रिस पिता यांच्या २००९ सालच्या 'लुनार ब्रासेरोस' या लघुकादंबरीत हेच घडते. 'ब्रासेरो' हा शब्द स्पॅनिशमधील 'ब्राझो' म्हणजे बाहू यापासून झाला. १९४२ ते १९६४ या काळात करारावर अमेरिकेत नेलेल्या मेक्सिकन मजुरांचे हे नाव. या कादंबरीत बाविसाव्या शतकातील मजूर चंद्रावर नेले जातात, पृथ्वीचा विषारी कचरा पुरण्यासाठी. आधीच्या तुकडीतील लोक घरी परतलेच नाहीत. ते मारले गेले, हे त्यांना तेथे गेल्यावर कळते. माणसाला बाहू म्हणणारी भाषा माणसाला बाहूइतकीच किंमत देते, हा त्या कादंबरीचा मथितार्थ एका शब्दाच्या व्युत्पत्तीत साठविलेला आहे.

६

आता पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडे, इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावाकडे वळले म्हणजे ही तुलना दूरची वाटत नाही. बारामती व इंदापूर हा उसाचा मुलूख. नीरा डाव्या कालव्याने एका भागाला पाणी दिले. भीमेवरील उजनी धरणाने १९८० च्या सुमारास दुसऱ्या भागाला पाणी दिले आणि त्याच पाण्याखाली काठावरची गावे नेली. उन्हाळ्यात जलाशय आटला की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि जेथे गाव होते तेथे माणसे चालत जाऊन पाहतात. घडून गेलेल्या जगाशेजारीच न घडलेले जग असू शकते, ही गंगाधरपंतांची कल्पना येथील माणसाला समजावून देण्याची आवश्यकता नाही. धरण झाले नसते तर आपले घर कोठे असते, हा प्रश्न येथे प्रत्येक विस्थापित कुटुंबात विचारला गेला आहे.

या मुलखात दर हंगामी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. या व्यवहारातील मोजमापाचे एकक आहे 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. 'या टोळीत किती कोयते?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर माणसांची निम्मी संख्या सांगते. मम्मटाने उपादानलक्षणेचे उदाहरण देताना भाले आत शिरत असल्याचे सांगितले आहे. भाले म्हणजे अर्थातच भालाईत. 'कोयते आले' हे तसेच आहे. परंतु भाल्याच्या उदाहरणात एका भाल्यामागे एक माणूस होता. येथे एका कोयत्यामागे दोन माणसे आहेत आणि त्यांतील स्त्री मोजणीतून नाहीशी झाली आहे. विज्ञानकथेने ही लक्षणा वाच्यार्थाने घेतली तर काय होईल? जेथे जोडप्याची नोंद एकच सजीव म्हणून होते, असे भविष्य. किंवा तोडणीयंत्र आल्यावर जेथे अर्धा कोयता उरतो, तो कोणता अर्धा, हा पेच. मराठीत चंद्रावरचे ब्रासेरो लिहावयाचे तर शब्द शोधण्यास संस्कृत कोशाकडे जावे लागणार नाही. तो शब्द फडात पडलेला आहे.

याच परिसरात भविष्यकाळ कथेआधी येऊन ठेपला आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामानकेंद्राची व जमिनीतील संवेदकांची माहिती एकत्र करून पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जातो. याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण दीर्घिकांचे स्वर ऐकते आहे, आणि तिच्या सभोवार शेते आहेत. मराठी विज्ञानकथेने ज्या वस्तू नगरात कल्पिल्या, त्या खेड्यात येऊन राहिल्या; फक्त त्या खेड्यातील माणूस कथेत आला नाही. ग्रामीण कथेने त्याला दुष्काळ, कर्ज व भाऊबंदकी यांच्यात पाहिले, विज्ञानकथेने पाहिलेच नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. खेड्यातील वाचकाला असली कथा वाचण्यास सवड व गोडी आहे काय? या आक्षेपामागे एक गृहीत दडलेले आहे की, अद्भुताची गोडी शिक्षणाने येते. वस्तुतः कीर्तनातील आख्यान, पोथीवाचन, तमाशातील वग, सत्यशोधकी व आंबेडकरी जलसे यांनी महाराष्ट्रातील श्रोत्याला असंभाव्याकडे आशयासाठी पाहण्याची सवय लावलेली आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली. वाचक तेथे आहे. त्याच्यासाठी लिहिलेली भविष्यकथा कपाटात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुराणकथांच्या परिभाषेत विज्ञानकथा लिहिली तर पुराणांतच सर्व विज्ञान होते, या भ्रमाला बळ मिळणार नाही काय? हा धोका खरा आहे. परंतु त्याचे उत्तर पुराणकथा टाळणे हे नव्हे. पुराणकथा पुरावा म्हणून वापरणे आणि भाषा म्हणून वापरणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. नारळीकर भ्रामक विज्ञानाचे आजन्म विरोधक होते आणि त्यांनीच 'वामन परत न आला' हे शीर्षक योजिले. या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून एक यंत्रमानव घडविला जातो, त्याचे नाव वामन. तो आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करू पाहतो. ज्या संस्कृतीने त्याचे ज्ञान मागे ठेवले, तिचा घात अशाच यंत्रांनी केलेला असतो.

नगरवाचकाला या शीर्षकात दशावतारांतील एक चमत्कार दिसतो : लहान दिसणारा, तीन पावलांत विश्व व्यापणारा. परंतु महाराष्ट्रातील शेतकरी शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणतो. बलिप्रतिपदेला घरोघर 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हटले जाते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीच्या या कथेचा अर्थ जिंकलेल्यांच्या बाजूने लावला. या परंपरेत वाढलेल्या वाचकाच्या कानावर 'वामन परत न आला' हे शब्द पडले की, त्यांतून निघणारा ध्वनी वेगळा असतो. थोडीशी जागा मागत आलेला, आणि शेवटी देणाऱ्यालाच पाताळात घालणारा असा तो वामन. त्याचे परत न येणे हा बळीच्या सुटकेचा नि:श्वास होय. थोडीशी जागा मागणारे यंत्र, कालवा, धरण, कारखाना हे सर्व ज्याने पाहिले आहे, त्याला ही कादंबरी तिच्या लेखकाने योजिलेल्या अर्थाहून एक पाऊल अधिक देते. इंग्रजीत या कादंबरीचे नाव 'द रिटर्न ऑफ वामन' असे झाले. म्हणजे जो परत आला नाही तो भाषांतरात परत आला! शीर्षकाचा हा उलटा प्रवासच सांगतो की, या कथेचा पूर्ण ध्वनी ऐकू येणारा श्रोता मराठीत आहे, आणि मराठीतही तो बळीला आपला म्हणणाऱ्यांत आहे.

७

या विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो विज्ञानकथाकारांना दोष देणारा नाही. त्यांनी विपरीत परिस्थितीत एक वाङ्मयप्रकार जगविला आणि मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेने स्पर्धा व प्रकाशन यांच्या द्वारे त्याला आश्रय दिला. दोष असलाच तर तो समीक्षेचा आहे. विज्ञानकथेतील विज्ञान बरोबर आहे काय, एवढेच तिने तपासले. ती कथा कोणाच्या लक्षणा वाच्यार्थात आणते, हे विचारले नाही. दलित व ग्रामीण साहित्यातील अनुभव सच्चा आहे काय, हे तिने विचारले. त्या अनुभवाला भविष्यकाळ आहे काय, हे विचारले नाही. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ साली जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रह इंग्रजीत काढला. ज्या भाषेत फुले लिहीत होते आणि जिच्यात 'बलुतं' लिहिले गेले, त्या भाषेला हा प्रश्न इंग्रजीतून ऐकावा लागावा, हे विचार करण्यासारखे आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे येथे एक निश्चित काम आहे. श्रमाच्या व्यवहारातील एककवाचक व साधनवाचक शब्दांचा, म्हणजे 'कोयता', 'उचल', 'टोळी', 'फड' अशा शब्दांचा अर्थविचार एका बाजूने, आणि विज्ञानकथेतील परिभाषेचा दुसऱ्या बाजूने व्हावयास हवा. हे दोन कोश शेजारी ठेवले म्हणजे मराठी विज्ञानकथा कोणते शब्द बोलू शकली असती आणि बोलली नाही, ते स्पष्ट होईल. भवभूतीने आपला समानधर्मा अनंत काळावर सोपविला, कारण तो कोठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मराठी विज्ञानकथेला तशी सबब नाही. तिचा समानधर्मा आजच हयात आहे. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देताना उपग्रहाने धाडलेला सल्ला तो भ्रमणध्वनीवर वाचतो आहे, आणि त्याच्या शेजारच्या फडात किती कोयते आले आहेत, हेही त्याला ठाऊक आहे.